जार कुणाच्या दारी जाते?

तुला वागळे इस्टेटमध्ये नोकरी लागली, तीही जावावर, हे ताईने सांगितलं तेव्हा मी मीठबंदर रोडवरून भाजी घेऊन घरी येत होते. वाटलं, पिशवी तिथेच खाली ठेवावी आणि तुला फोन लावावा. पण फोनवर सांगितलेलं दुसऱ्या दिवशी अर्धं विसरतं, म्हणून लिहून देते. २००१ पासून मी याच कामात आहे. कोपरीतून वागळेपर्यंतची रिक्षा, पुढे ठाण्याहून अंधेरी, मग घरून काम, सगळं करून झालं. तेवढ्या वर्षांत जे हाताला लागलं त्यातलं तुझ्या उपयोगाचं इथे आहे.

तू विचारलंस, "मावशी, वाइल्डफ्लाय सर्व्हर ओपन सोर्स आहे, फुकट उतरवून घेतला, मग लायसन्स कशाला वाचायचं?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "सर्व्हर चालतो, पण दुसऱ्या मशीनवरून क्लायंट जोडला जात नाही, काय करू?" तुला हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. मला ते एकच वाटतात आणि तेच तुला पटवायचंय. सर्व्हर तुमच्या खोलीत राहतो. क्लायंट मात्र परक्याच्या मशीनवर जातो आणि जाताना सर्व्हरबरोबर आलेल्या काही जार, म्हणजे जावा कोडच्या बांधलेल्या फायली, सोबत नेतो. ती जार उंबरा ओलांडते तिथेच लायसन्सची कलमं लागू होतात आणि जोडणीच्या बहुतेक अडचणीही तिथेच सुरू होतात.

आधी लायसन्स. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. कथेवर जसा लेखकाचा हक्क, तसाच कोडवर तो लिहिणाऱ्याचा. ओपन सोर्सवाल्यांनी हा हक्क सोडलेला नाही. अटी घालून वापरायची मुभा दिलेली आहे. एलजीपीएल २.१ नावाच्या लायसन्सचं आठवं कलम वाच. अटींबाहेर जाऊन वाटप केलंस तर मुभा आपोआप संपते. म्हणजे फुकट मिळालेली गोष्ट तू विनापरवाना वाटत असतोस, आणि तेही तुमच्या कंपनीच्या नावाने.

पण अटी लागू कधी होतात, हे नीट समजून घे. तुमच्याच सर्व्हर रूममध्ये तुम्ही सर्व्हर चालवता आणि लोक ब्राउझरमधून येतात, एवढंच असेल तर एलजीपीएल किंवा जीपीएल तुमच्याकडे सोर्स मागत नाही, कारण तुम्ही कुणाला प्रत दिलेलीच नाही. एजीपीएल हे वेगळं प्रकरण आहे. त्यात तुम्ही बदललेला प्रोग्राम लोक नेटवर्कवरून वापरत असतील तरी त्याचा सोर्स त्यांना द्यावा लागतो. त्यामुळे नावातलं ते एक अक्षर नीट बघ. आणि तुमची कंपनी ग्राहकाच्या कारखान्यात जाऊन त्याच्या मशीनवर सर्व्हर बसवून देत असेल तर तेही वाटपच झालं. "आम्ही फक्त इन्स्टॉल करून दिलं" ही सबब इथे चालत नाही.

थोडा इतिहास सांगते, कारण पुढे नावांचा घोळ होतो. मार्क फ्ल्युरी यांनी १९९९ मध्ये तुझा हा सर्व्हर सुरू केला, तेव्हा त्याचं नाव ईजेबॉस होतं. ईजेबी (एंटरप्राइज जावाबीन्स) हा सन कंपनीचा ट्रेडमार्क, म्हणून पुढचा ई गळला आणि जेबॉस उरला. २००६ मध्ये रेड हॅटने जेबॉस कंपनी विकत घेतली. २०१३ मध्ये लोकांसाठीच्या सर्व्हरचं नाव वाइल्डफ्लाय ठरलं आणि २०१४ च्या फेब्रुवारीत वाइल्डफ्लाय ८ आला. जेबॉस हे नाव रेड हॅटच्या सबस्क्रिप्शनवाल्या उत्पादनासाठी राहिलं. यातून दोन गोष्टी लक्षात ठेव. कोड वापरायची मुभा म्हणजे नाव वापरायची मुभा नव्हे. तुमच्या उत्पादनाच्या नावात जेबॉस घालू नका. आणि दुरुस्त्या, हमी, रात्री अपरात्री फोन उचलणारा माणूस हे सबस्क्रिप्शनमधून मिळतं. ग्राहकाने "सपोर्ट कोण देणार?" असं विचारलं तर त्याला खरं उत्तर दे.

ग्लासफिश या दुसऱ्या जावा सर्व्हरची गोष्ट याहून शिकवणारी आहे. सनच्या काळात तो सीडीडीएल आणि क्लासपाथ सवलतीचं जीपीएल २, असा दुहेरी होता. पुढे तो ओरॅकलकडे आला, आणि ओरॅकलने तो एक्लिप्स फाउंडेशनकडे दिल्यावर २०१९ च्या जानेवारीत आलेल्या ५.१ पासून त्याचं मुख्य लायसन्स ईपीएल २.० झालं. एकच सर्व्हर, एकच नाव, आवृत्तीप्रमाणे कागद वेगळा. वाइल्डफ्लायचा पूर्वीचा सगळा प्रवास एलजीपीएल २.१ खाली झाला, पण म्हणून तुझ्या हातातल्या आवृत्तीबद्दल माझं ऐकू नकोस. फोल्डर उघड, डॉक्समध्ये लायसन्सेस नावाचं फोल्डर आहे, त्यात आतल्या घटकांची यादी आणि प्रत्येकाचं लायसन्स मिळेल. सर्व्हर दिसायला एक असला तरी आत शेकडो जार असतात आणि त्या एकाच घरच्या नसतात.

एलजीपीएलबद्दल आमच्या वेळी एक भीती होती. जावात इम्पोर्ट केलं की आपला सगळा कोड उघडा करावा लागतो, असं सीनियर लोकसुद्धा सांगायचे. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने २००४ मध्ये स्पष्ट केलं की जावातही हे लायसन्स ठरल्याप्रमाणेच लागू पडतं. तुझा कोड तुझाच राहतो. बदल्यात काही गोष्टी द्याव्या लागतात. यात अमुक लायब्ररी वापरली आहे ही ठळक सूचना हवी. लायसन्सची प्रत हवी. त्या लायब्ररीचा सोर्स हवा, किंवा तो देण्याचं किमान ३ वर्षांचं लेखी आश्वासन हवं. तुम्ही लायब्ररीतच बदल केला असेल तर तो बदलही त्याच लायसन्सखाली द्यायचा. आणि घेणाऱ्याला ती जार काढून स्वतः बदललेली जार घालता आली पाहिजे.

या शेवटच्या अटीकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. एकच मोठी जार देणं सोयीचं, म्हणून बिल्डमध्ये सगळ्या लायब्ररी कुटून एकत्र करतात, वरून नावं पुसणारं हत्यार चालवतात. मग ग्राहकाने त्यातली एक जार बदलायची कशी? शिवाय कुटताना मेटा-इन्फमधल्या लायसन्स फायली एकमेकींवर पडून पुसल्या जातात. तुझी जार वेगळी आणि लायब्ररीच्या जार लिब फोल्डरात वेगळ्या, अशीच मांडणी ठेव. दिसायला पसारा वाटतो, पण कायद्याला आणि दुरुस्तीला दोन्हीला तीच बरी. आणखी एक. तुमच्या करारात "रिव्हर्स इंजिनिअरिंगला सक्त मनाई" असं सरसकट वाक्य असेल तर ते एलजीपीएलच्या सहाव्या कलमाशी भांडतं. लायब्ररीत बदल करून तो तपासण्यापुरती मोकळीक ग्राहकाला द्यावी लागते. हे वाक्य बहुतेक करारांत जुन्या करारावरून उचललेलं असतं. तू नवा आहेस, तुझं कुणी ऐकणार नाही असं तुला वाटेल, तरी कलमाचा आकडा दाखवून लेखी विचार. अपाचे २.० सोपं आहे. लायसन्सची प्रत आणि नोटीस फाइल सोबत जाऊ दे, बदललेल्या फायलींवर तसं लिही, एवढ्यावर भागतं.

आता जोडणी. एक प्रसंग सांगते, तो तुला शंभर पानांपेक्षा जास्त शिकवेल.

जेबॉस ४ चा काळ. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आम्ही साठ्याचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम दिला होता. सर्व्हर लिनक्सवर, क्लायंट म्हणजे डेस्कटॉपवर चालणारी स्विंगची खिडकी. सर्व्हरच्याच मशीनवर बसून क्लायंट लावला, झकास चालला. स्टोअर्समधल्या पीसीवर लावला, तर जोडणी नाकारल्याची चूक. मी फायरवॉलवाल्याला फोन केला, त्याने १०९९ पोर्ट उघडला, तरी तेच. दुपार गेली. संध्याकाळी मी एररची ओळ पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, होस्ट १२७.०.०.१ ने जोडणी नाकारली. स्टोअर्सचा पीसी सर्व्हरकडे जातच नव्हता, स्वतःच्याच दारावर थाप मारत होता.

असं का? १०९९ वर फक्त पत्ता मिळतो. क्लायंट तिथे नाव विचारतो आणि सर्व्हर त्याला एक स्टब देतो. त्या स्टबच्या पोटात लिहिलेलं असतं की खऱ्या कामासाठी कुठे यायचं. सर्व्हरच्या होस्ट्स फाइलमध्ये त्याचं स्वतःचं नाव १२७.०.०.१ ला बांधलेलं होतं, त्यामुळे स्टबमध्ये तोच पत्ता गेला. कुणी पत्रात परतीचा पत्ता म्हणून नुसतं "माझ्या घरी" लिहावं आणि वाचणाऱ्याने आपल्याच घरात शोधावं, तसं झालं. होस्ट्स फाइल सुधारली, सुरू करताना आरएमआयच्या होस्टनेमची प्रॉपर्टी दिली आणि खिडकी उघडली. मग कळलं की खरं काम ४४४४ वर चालतं, तोही पोर्ट उघडायचा होता. तेव्हापासून माझा नियम आहे. एररचा संदेश तळापर्यंत वाचायचा आणि त्यात आलेला पत्ता कागदावर लिहून घ्यायचा. त्याआधी कुणालाही फोन करायचा नाही.

जेबॉस ५ मध्ये जेबॉसऑल-क्लायंट नावाच्या जारने कित्येकांना रडवलं. नाव 'ऑल', पण ती जार आतून पोकळ होती. तिच्या मॅनिफेस्टमध्ये फक्त शेजारच्या जारची नावं. लोक तेवढी एकच उचलून क्लायंटला द्यायचे आणि क्लास सापडत नाही म्हणून कपाळाला हात लावायचे. ग्लासफिशची जीएफ-क्लायंट जारही तशीच, शेजाऱ्यांच्या भरवशावर जगणारी. ती तिच्या जागेवरून हलवली की उपयोगाची नाही. म्हणून कुठलीही क्लायंट जार हातात आली की आधी ती उघडून बघायची सवय लाव.

वाइल्डफ्लायने पुष्कळ सोपं केलं. जेबॉस ७ मध्ये रिमोटिंगसाठी ४४४७ होता, वाइल्डफ्लाय ८ पासून तेच काम ८०८० वरूनच होतं, जोडणी एचटीटीपीने सुरू होते आणि मग रूप बदलते. फायरवॉलमध्ये एकच भोक. जुनी उदाहरणं बघून तू ४४४७ लिहिशील तर जोडणी होणार नाही. पत्ता रिमोट प्लस एचटीटीपी या शब्दांनी सुरू कर. टीएलएस लावलंस तर रिमोट प्लस एचटीटीपीएस आणि ८४४३. लागणारी जार बिन फोल्डरातल्या क्लायंट फोल्डरात आहे, जेबॉस-क्लायंट नावाची, आणि ही खरोखर भरलेली आहे. ती सर्व्हरच्याच आवृत्तीची घे. शेजारच्या टेबलावरच्या प्रोजेक्टमधून उचलू नकोस.

हे केल्यावरही अडशील, कुठे अडशील ते सांगते. सर्व्हर मुळात १२७.०.०.१ वरच कान लावून बसतो. हे मुद्दाम केलेलं आहे, सुरक्षेसाठी. उणे बी लिहून त्याला त्या मशीनचा नेमका आयपी दे. चार शून्यं देऊन सगळ्या जाळ्यांवर उघडा करायची घाई करू नकोस. दुसरं, वापरकर्ता. ॲड-यूजर स्क्रिप्ट पहिलाच प्रश्न विचारते, मॅनेजमेंटचा की ॲप्लिकेशनचा? एंटर दाबत गेलास तर मॅनेजमेंटचा होतो आणि क्लायंटला तो काही कामाचा नाही. ॲप्लिकेशनचा कर. इथे फसगत अशी होते की सर्व्हर आणि क्लायंट एकाच मशीनवर असले तर पासवर्डशिवायही आत घेतात, कारण एकाच मशीनवरच्या फायली वाचता येतात हीच ओळख धरली जाते. तुझ्या लॅपटॉपवर सगळं चालेल, टेस्टिंगमध्ये चालेल आणि ग्राहकाकडे पहिल्याच दिवशी पडेल. म्हणून पहिल्या दिवसापासून क्लायंट दुसऱ्या मशीनवरून चालव. घरी जुना लॅपटॉप पडलाय तो वापर. एकाच मशीनवरची चाचणी मी धरतच नाही.

तिसरं, क्लायंट सर्व्हरवरची बीन ज्या नावाने शोधतो ते नाव. ईजेबी कोलन, मग ॲप, मॉड्यूल, वेगळं नाव, बीन, उद्गारचिन्ह आणि इंटरफेसचं पॅकेजसकट पूर्ण नाव. ईएआर नसेल तर ॲपची जागा रिकामी राहते, पण तिथला स्लॅश राहतो. वेगळं नाव तर बहुधा नसतंच, पण त्याचाही स्लॅश राहतो, म्हणून दोन स्लॅश शेजारी शेजारी दिसले तर घाबरू नकोस. हाताने टाइप करू नकोस. डिप्लॉय होताना सर्व्हर लॉगमध्ये नावं छापतो, तिथून मॉड्यूल, बीन आणि इंटरफेस अक्षर न् अक्षर उचल. स्टेटफुल बीन असेल तर शेवटी प्रश्नचिन्ह आणि स्टेटफुल हा शब्द. एक गोष्ट मनात पक्की ठेव. नाव चुकलं, पासवर्ड चुकला, पत्ता चुकला, तिन्हींना बऱ्याचदा एकच उत्तर येतं की या बीनसाठी कुणी सापडलं नाही. त्यामुळे एका वेळी एकच गोष्ट बदल आणि वहीत लिहून ठेव.

आणि आता जो धडा मला सगळ्यात महाग पडला तो. एका प्रोजेक्टमध्ये आमची बीन थेट हायबरनेट या डेटाबेसचं काम करणाऱ्या लायब्ररीची एंटिटी क्लायंटला परत द्यायची. चालायचं. एक दिवस ऑर्डरबरोबर तिच्या ओळींची यादीही पाठवायला लागलो आणि क्लायंटवर हायबरनेटची पर्सिस्टंट बॅग सापडत नाही अशी चूक आली. साधी यादी वाटते, पण आत ती हायबरनेटची स्वतःची वस्तू असते. कुणीतरी सुचवलं, क्लायंटमध्ये हायबरनेटच्या जार टाका. टाकल्या. त्या मागोमाग आणखी तीन मागतात, त्या टाकल्या. क्लायंटचं वजन वाढलं, प्रत्येक पीसीवर आवृत्त्या जुळवायचं काम वाढलं. आणि ज्या जारना आमच्याच सर्व्हरवर होत्या तोवर कसली अट नव्हती, त्या चाळीस ग्राहकांच्या मशीनवर गेल्या. हायबरनेट तेव्हा एलजीपीएलखाली होतं. सूचना, प्रत, सोर्सची सोय, काहीच दिलं नव्हतं. एका मोठ्या ग्राहकाच्या ऑडिटरने जारची यादी मागितली तेव्हा आम्हाला आमच्याच पेटीत काय आहे ते माहीत नव्हतं. मी आठवडाभर रात्री कोपरीच्या घरी बसून ती यादी केली, तेव्हा तुझी आजी मध्येच उठून चहा ठेवायची.

तेव्हापासून मी क्लायंटला फक्त साधे क्लास देते. नुसती फील्ड्स, आत फ्रेमवर्कचं काही नाही. इंटरफेस आणि हे साधे क्लास यांची एक वेगळी छोटी जार कर, सर्व्हर आणि क्लायंट दोघांनी तीच वापरायची. त्या क्लासमध्ये सीरियल व्हर्जन यूआयडी स्वतः लिही, नाहीतर सर्व्हरवर एक मेथड वाढवलीस की जुना क्लायंट क्लास जुळत नाही म्हणून आपटेल. डेटाबेसचा ड्रायव्हर तर क्लायंटमध्ये कधीच नको. मायएसक्यूएलचा ड्रायव्हर जीपीएलचा आहे, त्याच्या सवलती आणि अपवाद वाचत बसण्यापेक्षा तो सर्व्हरवरच राहू दे.

क्लायंटच्या पीसीवरचा जावाही मोज. ओरॅकलचा जावा ८ पूर्वी कुणीही टाकायचं. २०१९ च्या जानेवारीनंतर धंद्यासाठी त्याचे मोफत अपडेट थांबले, एप्रिलमध्ये लायसन्स बदललं. २०२३ पासून त्यांचं सबस्क्रिप्शन कंपनीतल्या एकूण माणसांवर मोजतात, जावा वापरणाऱ्यांवर नाही. तुझ्या इन्स्टॉलरमधून चुकून ओरॅकलचा जावा गेला तर भुर्दंड तुझ्या ग्राहकाला बसू शकतो. ओपन-जेडीकेचं बिल्ड दे, एक्लिप्स टेमुरिन चांगलं आहे; ते क्लासपाथ सवलतीच्या जीपीएलचं आहे, तुझ्या प्रोग्रामला हात लावत नाही. जुनं वेब स्टार्ट जावा ११ मधून काढून टाकलंय, त्याच्या भरवशावर राहू नकोस.

पोर्टांबद्दल शेवटचं आणि हे मी विनवून सांगते. २०१५ मध्ये दाखवलं गेलं की जावाच्या सीरियलायझेशनमधून विषारी वस्तू पाठवून जेबॉस, वेबलॉजिक, वेबस्फिअर या सगळ्यांवर परका कोड चालवता येतो. पुढच्याच वर्षी जुन्या, दुरुस्त न केलेल्या जेबॉस सर्व्हरांतून शिरून सॅमसॅम नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने अमेरिकेतल्या रुग्णालयांची मशीन बंद पाडली. तिथे माणसं उपचाराला थांबली होती. रिमोट क्लायंटचा पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नकोस, व्हीपीएनमधून ये म्हणून सांग. ९९९० हा मॅनेजमेंटचा पोर्ट तर ऑफिसच्या जाळ्यातही दोनचार मशीनपुरताच असावा. "दोन दिवसांसाठी उघडतो" असं म्हणून उघडलेले पोर्ट मी वर्षानुवर्षं उघडे पाहिलेले आहेत.

सोमवारी ऑफिसात गेलास की दोन कामं कर. सर्व्हरच्या बिनमधल्या क्लायंट फोल्डरात एक रीडमी आहे, ईजेबी आणि जेएमएससाठीची, ती आधी वाच. मग तुमच्या क्लायंटचं इन्स्टॉलर उघडून त्यातली प्रत्येक जार, तिची आवृत्ती, तिचं लायसन्स अशी तीन रकान्यांची यादी कर. जिथे लायसन्स सापडणार नाही तिथे रकाना रिकामाच ठेव, अंदाजाने भरू नकोस. ती यादी घेऊन रविवारी कोपरीला ये. एलजीपीएलची प्रिंट माझ्याकडे आहे, समासात माझ्या खुणाही आहेत. आपण दोघं बसून रिकामे रकाने भरू.